आधी सांग, मग बघू

रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, की आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. मी आणि चिरंजीव (वय वर्षे बारा, इयत्ता सातवी) सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो आणि यूट्यूबवर कुठला तरी प्रयोग बघतो. अट एकच, रोज एकच बघायचा. ही अट मी घातली आणि बहुतेक वेळा मीच मोडते.

काय काय बघितलंय म्हणून सांगू! फिनलंडमधले लाउरी वुओहेन्सिल्टा नावाचे गृहस्थ आपल्या वर्कशॉपमधल्या हायड्रॉलिक प्रेसखाली दिसेल ती वस्तू चिरडतात. कागदाची सातवी घडी प्रेसने घालायला गेले तर कागदाचा चक्क स्फोट झाला. मार्क रोबर, पूर्वी नासात 'क्युरिऑसिटी' यानावर काम केलेला इंजिनियर, त्याने २०२० मध्ये आपल्या अंगणात खारींसाठी अडथळ्यांची शर्यत बांधली. बरणीतून मण्यांची माळ बाहेर ओढली की ती काठावरून सरळ खाली न येता आधी हवेत उसळी मारते, हे दाखवणारा स्टीव्ह मोल्ड तर आमच्या घरातलाच झालाय. त्याचा हा प्रयोग २०१३ मध्ये इतका गाजला, की केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी त्यावर शोधनिबंध लिहिला. बरणीतली माळच वर जाणाऱ्या माळेला खालून ढुशी देते, असं काहीसं त्यांचं म्हणणं.

हे शेवटचं वाक्य मी किती जणांना ऐकवलंय त्याला गणती नाही. नणंदेच्या नातीच्या बारशाला मोत्यांचा सर हातात घेऊन मी चार बायकांना ही माळ समजावून सांगितली. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर आता सगळ्यांच्या वतीने माफी मागते. :-)

तर सांगायचं म्हणजे, मी फिजिक्सची बी.एस्सी. पुढे बँकेत लागले आणि फिजिक्स मागे राहिलं. या चित्रफितींमुळे ते पुन्हा घरात आलं म्हणून मी खूश होते. शिवाय मुलगा नाचगाण्याऐवजी विज्ञान बघतोय, ही छाती फुगवायची सोय होतीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

अरविंद गुप्ता तुम्हा सगळ्यांना माहीत असतीलच. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, टेल्कोतली नोकरी सोडून मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करत बसलेला माणूस. २००३ ते २०१४ अशी अकरा वर्षं ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रफिती जालावर फुकट आहेत, मराठीतही आहेत, आणि एकेक दोन-दोन मिनिटांची. त्यातली एक विजेवर फिरणाऱ्या साध्या मोटारीची. ती आम्ही सहा वेळा तरी बघितली असेल. एक सेल, त्यावर चुंबक, दोन्ही बाजूंना आधार आणि मधे गरगर फिरणारं तारेचं वेटोळं. बस्स.

"आई, करून बघू या का?"

"त्यात काय, मला माहितीये ते," मी म्हटलं.

मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची लेप दिलेली तार आणली. दुकानदाराने हातभर तुकड्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. जुन्या स्पीकरमधलं चुंबक, टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. तारेचं वेटोळं केलं, दोन टोकं दोन बाजूंना काढली. तारेवर लेप असेल तर वीज जाणार कशी, म्हणून मी दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासघासून सगळीकडून लख्ख केली. देवाची भांडीही मी इतकी चकचकीत ठेवत नाही. वेटोळं पिनांच्या भोकांत बसवलं आणि बोटाने टिचकी मारली.

ते डुगडुगलं आणि थांबलं.

पुन्हा टिचकी. पुन्हा डुगडुग. सेल बदलला, चुंबक उलटं ठेवलं, वेटोळं सरळ केलं. तास गेला. पिना गरम व्हायला लागल्या आणि माझं डोकंही. चिरंजीव मुकाट्याने उठले, आत जाऊन चित्रफीत पुन्हा बघून आले.

"आई, त्यांनी सांगितलंय की टोकांचा लेप सगळा काढायचा नाही. एका बाजूचा ठेवायचा. तू ऐकलंच नाहीस?"

सहा वेळा ऐकलं होतं! कानावरून गेलं होतं, आत काही उतरलं नव्हतं. पण खरी पंचाईत पुढच्या प्रश्नाने केली. "पण का ठेवायचा?"

मी तोंड उघडलं. काही येईना. मग मी म्हणाले, "ते असतं तसं."

मंडळी, हे वाक्य आमच्या शाळेतल्या एका बाई म्हणायच्या आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. त्यांचं वाक्य माझ्या तोंडून, माझ्याच मुलासमोर. त्याने मान डोलावली आणि तो खेळायला निघून गेला. वाद घातला असता तरी चाललं असतं.

त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. वेटोळ्याच्या अर्ध्या फेरीत चुंबकाचा रेटा फिरण्याच्या दिशेने असतो. पुढच्या अर्ध्या फेरीत वेटोळ्याची वरची बाजू खाली येते आणि तोच रेटा उलटा, मागे ढकलणारा होतो. म्हणून डुगडुग! त्या अर्ध्या फेरीपुरती वीज बंद केली, तर आधी मिळालेल्या वेगावर वेटोळं तेवढं अंतर निभावून नेतं आणि पुन्हा योग्य जागी येऊन नवा रेटा घेतं. तो ठेवलेला लेप म्हणजे दर फेरीला आपोआप बंद-चालू होणारं बटण. मोठ्या मोटारीत हेच काम आणखी सफाईने करणारा भाग म्हणजे कम्युटेटर. त्याची आकृती मी परीक्षेत काढली होती. नावांसकट. पूर्ण मार्क मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी नवं वेटोळं केलं, टोकांची एकच बाजू घासली आणि ते असं काही फिरलं, की चिरंजीवांनी शेजारच्या काकांना बोलावून आणलं. पण माझ्या मनातून आदला दिवस जाईना. रोज रात्री सोफ्यावर बसून जे समजतंय असं वाटत होतं, ते नक्की काय होतं?

याचं उत्तर, गंमत बघा, एका चित्रफितीतच सापडलं. 'व्हेरिटॅसियम'वाला डेरेक म्युलर तुम्ही बघत असाल. त्याने २००८ मध्ये सिडनी विद्यापीठातून डॉक्टरेट केली ती याच विषयावर, की चित्रफिती बघून मुलं फिजिक्स शिकतात का? २०११ मध्ये त्याने ते एका चित्रफितीत सांगितलं. मुलांची आधी परीक्षा घेतली, मग छान स्वच्छ समजावणारी चित्रफीत दाखवली, मग पुन्हा परीक्षा. मुलं म्हणाली, फार स्पष्ट आणि सोपं होतं. मार्क? २६ पैकी सरासरी ६ होते ते ६.३ झाले! आणि चुकीच्या उत्तरांबद्दलची खात्री मात्र वाढली होती. दुसऱ्या गटाला दाखवलेल्या चित्रफितीत आधी लोकांच्या मनातल्या नेहमीच्या चुकीच्या कल्पना येत होत्या आणि मग त्यांची चिरफाड होत होती. ती बघताना मुलं गोंधळली, डोकं शिणलं म्हणाली. आणि मार्क ६ वरून ११ वर गेले.

मी हे दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा जरा खाली मान घालून. सोपं वाटलं म्हणजे कळलं, असं मी धरून चालले होते. खरं तर सोपं वाटत होतं, कारण माझ्या डोक्यातली जुनी चूक कुणी हलवलीच नव्हती. ती आरामात बसून माझ्याबरोबर चित्रफीत बघत होती!

अमेरिकेतल्या अलाबामामधला इंजिनियर डेस्टिन सँडलिन याची उलटी सायकल आठवते का? २०१५ ची. त्याच्या ओळखीच्या वेल्डर लोकांनी सायकल अशी करून दिली, की हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे वळतं. युक्ती काय आहे ते त्याला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तरी सायकल चालवायला आठ महिने लागले. त्याच्या छोट्या मुलाला दोन आठवडे! पहिल्यांदा बघितली तेव्हा मी पोट धरून हसले होते. त्यात माझ्याबद्दल काही असेल हे डोक्यातही आलं नाही.

असो. तर आता आमच्याकडे नवा नियम आहे. चित्रफीत सुरू करायची, प्रयोग मांडून झाला की थांबवायची आणि आधी सांगायचं, काय होईल आणि का. नुसतं बोलून नाही, कालनिर्णयच्या उलटलेल्या पानामागे लिहायचं, तारखेसकट. तिथेच दुधाचा हिशोब असतो, त्यामुळे खाडाखोड चालत नाही. पहिलाच प्रयोग स्लिंकीचा होता. ती लांब स्प्रिंग वरून धरून लोंबकळत सोडायची आणि मग हात सोडायचा. आधी काय पडेल, वरचं टोक की खालचं? मी लिहिलं, दोन्ही एकदम. प्रत्यक्षात खालचं टोक हवेत जागच्या जागी थांबून राहतं, वरचं येऊन त्याला आदळेपर्यंत! वरचा हात सुटल्याची बातमी खाली पोचायला वेळ लागतो म्हणे. आमच्या पानावर आजवर चिरंजीव चौदा वेळा चुकलेत, मी सोळा वेळा. कार्यक्रमाला आता जास्त वेळ लागतो, भांडणं होतात आणि काही रात्री चित्रफीत पुढे जातच नाही.

गेल्या महिन्यात भाऊ आला होता. वाढदिवसाच्या सजावटीतला हेलियमचा एक फुगा उरला होता. चिरंजीव म्हणाले, मामाच्या गाडीत काचा बंद करून हा फुगा दोरीला धरला आणि गाडी सुरू झाली तर फुगा कुठे जाईल? पान काढलं. त्याने लिहिलं, जागेवर राहील. मी लिहिलं, मागे जाईल, आपण जातो तसा.

मामाने सोसायटीच्या आवारात गाडी जोरात पुढे काढली. फुगा पुढे गेला. ब्रेक मारला, फुगा मागे आला. मामाला तीन चकरा मारायला लावल्या, वॉचमन बघत राहिला. आणि मग मला आठवलं, हा प्रयोग मी बघितला होता. त्याच सायकलवाल्या डेस्टिनचा. बघितला, वा म्हटलं, दोघा-तिघांना पाठवलाही, आणि तरी पानावर 'मागे' लिहिलं.

"का गं पुढे गेला?"

कारण मला आता आठवत होतं. अगदी ओठांवर होतं. शेजारी मामा होता, त्याच्यासमोर भाव खायचीही संधी होती. पण मी म्हटलं, "बघ बुवा, तूच शोध." हे वाक्य उच्चारायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी शाळेच्या बसमधून उतरल्या उतरल्या साहेब ओरडतच आले. हातात अर्धी-अधिक भरलेली पाण्याची बाटली, आडवी धरलेली.

"आई, बस सुटली ना की यातला बुडबुडासुद्धा पुढे जातो! पाणी जड असतं, ते मागे सरकतं, मग बुडबुड्याला जागा कुठे, पुढेच ना? गाडीतली हवा म्हणजे पाणी आणि फुगा म्हणजे बुडबुडा!"

मग दप्तर न काढताच तो कालनिर्णयकडे गेला आणि माझ्या 'मागे' या शब्दासमोर त्याने भलीमोठी फुली मारली. नंतर जरा थांबून स्वतःच्या उत्तरासमोरही मारली.