आतला सौदा, बाहेरचा सौदा

ऑटोकॅडसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याची 'ट्रान्झॅक्शन'शी रोज गाठ पडते. नकाशात बदल करायचा तर आधी ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, रेषा काढायच्या आणि शेवटी 'कमिट' करायचं. कमिट न करता ते बंद झालं, तर काढलेलं सगळं पुसलं जातं. गुंता होतो तो एकाच्या पोटात दुसरं ट्रान्झॅक्शन सुरू झालं की.

आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात फिरलेल्याला हे लगेच कळेल. हेडी शेतकऱ्याशी बैलाचा भाव ठरवतो, पण पुढचं गिऱ्हाईक मिळालं तरच, या बोलीवर. गिऱ्हाईक फिरलं की बैल परत दावणीला. आतला सौदा कितीही पक्का दिसला, तरी त्याचा जीव बाहेरच्या सौद्यात असतो.

प्लॉटिंगचे नकाशे करणाऱ्या एका ओळखीच्यांचा फोन आला, "भाऊ, ३७ प्लॉट झाले म्हणतंय, पण नकाशात एकही नाही!" प्रोग्राम दुसऱ्या कुणी लिहून दिलेला होता. त्यात प्रत्येक प्लॉटसाठी आत वेगळं ट्रान्झॅक्शन होतं आणि प्रत्येकाचं कमिटही. मी आतल्या ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला चालू ट्रान्झॅक्शनांची संख्या छापून पाहिली. १ यायला हवा होता, आला २. म्हणजे बाहेर आणखी एक उघडं होतं. ३८व्या प्लॉटची हद्द बंद झालेली नव्हती. तिथून प्रोग्राम मुकाट्याने माघारी फिरत होता आणि बाहेरचं कमिट राहून जात होतं.

खरी भीती पुढेच होती. क्षेत्रफळाची यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहिली जात होती. नकाशातलं पुसलं जातं, पण बाहेरच्या फाइलला ट्रान्झॅक्शन हात लावत नाही. त्यांनी प्रोग्राम दोनदा चालवला होता, म्हणून यादीत ७४ ओळी. त्या यादीवरून कुणी घरासाठी पै-पै साठवून बयाणा दिला असता तर?

बाहेरचं ट्रान्झॅक्शन मी तसंच ठेवलं. अर्धवट नकाशापेक्षा कोरा नकाशा परवडतो. मात्र आधी सगळ्या हद्दी तपासायच्या, उघडी असेल तिचा नंबर सांगून थांबायचं. आणि यादी व 'झाले' हा निरोप, दोन्ही बाहेरच्या कमिटनंतरच.

'झालं' हा शब्द फार जपून वापरावा. समोरचा माणूस त्यावर पैसे मोजतो.