वरच्या धरणाचे वय

नाशिककडचे आभाळ भरून आले की आम्हा सायखेडेकरांचे लक्ष गंगापूर धरणाकडे लागते. धरण दूर, नाशिक शहराच्याही पलीकडे. परंतु आमचा उन्हाळा आणि पावसाळा या दोहोंवर त्याची सत्ता चालते. उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात आवर्तन सुटले म्हणजे काठच्या विहिरींना धीर येतो. पावसाळ्यात विसर्ग वाढला, त्यात दारणेचे पाणी मिळाले, की बाजारपेठेतील दुकाने रिकामी होऊ लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदामाई गावात शिरली, तेव्हा धान्याची पोती माळ्यावर चढवण्यातच आमची रात्र सरली.

१९६५ साली पूर्ण झालेले हे धरण मातीचे आहे. लांबी पावणेचार किलोमीटरहून अधिक, उंची सुमारे ३६ मीटर. मातीचे धरण म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. अशा धरणाच्या पोटात सहसा चिकण मातीचा गाभा असतो, त्यावर मुरमाचे आवरण आणि पाण्याच्या अंगाला दगडांचे अस्तर. ते थोडे झिरपतेच. झिरपा निवळ असेल तोवर चिंता नसते. तो वाढला, गढुळला, की पाण्याबरोबर धरणाची मातीही निघाली असे जाणते लोक समजतात. भरावावरचे झुडूप आपल्याला हिरवाई वाटते. त्याची मुळे मात्र पाण्याला वाट करून देतात.

वार्धक्याची दुसरी खूण म्हणजे गाळ. गंगापूरची मूळ साठवण ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळाने ती ५,६३० वर आणली. जागा घटली म्हणजे उन्हाळ्यासाठी पाणी कमी उरते आणि पावसाळ्यात धरण लवकर भरून पाणी लवकर सोडावे लागते. तळाशी साचलेला एकच थर आम्हाला चैत्रात टंचाई होऊन भेटतो आणि श्रावणात पूर होऊन.

मातीच्या धरणाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे बुडाले. ते धरण तर अजून पुरते बांधूनही झाले नव्हते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

हे लिहिण्यामागे भीती पसरवण्याचा हेतू नाही. पूर ओसरला की आम्ही ग्रामसभेत पंचनाम्याविषयी बोलतो, भरपाई मागतो. ते रास्तच आहे. पण २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोठ्या धरणांची तपासणी बंधनकारक केली आहे. मग वैशाखातल्या ग्रामसभेतही आम्ही उठून विचारावे : तपासणी झाली काय? गाळ किती निघाला? आणि झिरप्याचे पाणी निवळ आहे ना?