दादा, एकदा समोरासमोर बसू

दादा,

महामार्गाची नोटीस घरी आली तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. फोन केला की वहिनी सांगते, शेतात गेलेत. रात्रीही शेतातच असतोस का रे? रागावून विचारत नाही. तुझा आवाज ऐकायचा होता.

त्या नोटिशीत बाबांच्या वारसांची नावं होती. तुझं होतं, लहान्याचं होतं, माझं नव्हतं. वारसनोंद झाली त्या दिवशी काय बोलणं झालं, हे मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. मी इतकंच म्हटलं होतं की दादा, माझं नाव राहिलं का? त्यावर तू म्हणालास, "हिस्सा हवा की माहेर हवं, एक काय ते सांग." तू म्हणालास हे. ज्याने माझ्यासाठी कोयता हातात घेतला, त्याने.

बाबांचा हात मोडला ते वर्ष आठवतंय ना? दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक गावात आला, मुकादमाची उचल आधीच घरात खर्च झाली होती, आणि कोणीतरी जाणं भागच होतं. मास्तर बाबांना म्हणाले होते, पोरगा हुशार आहे, दहावीला बसू द्या. तू काही न बोलता आईबरोबर ट्रकमध्ये चढलास. बारडोलीच्या बाजूला पाचट अंगावर घेत तू हंगाम काढलास आणि मी आश्रमशाळेत राहिले. पुढे डी.एड.ची फी तूच भरलीस. आज मी वर्गात उभी असते ती तुझ्या जिवावर, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच गावात कोणी म्हणालं की बहीण भावावर उलटली, तर त्याला उत्तर द्यायलासुद्धा माझी जीभ उचलत नाही.

पण दादा, ऋण वेगळं आणि हक्क वेगळा. तुझं ऋण मी फेडू शकणार नाही, म्हणून मी बाबांची मुलगी नाही असं होतं का?

सुरत-धुळे रस्ता चौपदरी झाला, आपल्या बांधापर्यंत आला, आणि जमिनीचा तुकडा एकदम पैशाच्या भाषेत बोलायला लागला. तोवर कोणी हिस्सा काढला नव्हता. भात पिकलं की पोतं माझ्या घरी यायचं, तूर निघाली की डाळ यायची. आई होती तोवर हे सगळं न बोलता चालत होतं. मला शाळेतली मंडळी सांगतात की हरकत घे, अर्ज दे. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात तशी सोय आहे. भरपाई कुणाला किती, यावर वाद असेल तर तो दिवाणी कोर्टाकडे पाठवता येतो. मग कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पैसा अडकतो. तुझ्या थोरलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या पैशावर अवलंबून आहे, हे मला ठाऊक आहे. मी अर्ज दिलेला नाही.

आणि कोर्टात गेलो तर कोण जिंकेल, हे तुझा वकील सांगतो तितकं सोपं नाही, माझ्या मैत्रिणी सांगतात तितकंही नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू नाही. अनुसूचित जमातींना त्यातून वगळलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अगदी आपल्यासारखंच प्रकरण होतं, ओडिशातलं. संपादित जमिनीच्या भरपाईत आदिवासी बाईने त्या कायद्याच्या आधारे हिस्सा मागितला होता. कोर्टाने दिला नाही. मात्र केंद्र सरकारला सांगितलं की हा कायदा बदलायचा विचार करा, आदिवासी मुलीला बरोबरीचा हक्क नाकारायला कारण उरलेलं नाही. पुढे 17 जुलै 2025 ला त्याच कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना तिच्या वडिलांच्या मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा दिला. मुलीला हिस्सा नाही अशी रूढी आहे असं जो म्हणतो, त्याने ती सिद्ध करावी. सिद्ध झाली नाही तर समानता, असा त्याचा अर्थ. एक निकाल तुझ्या वकिलाच्या हातात, एक माझ्या. पाहिजे तर दहा-पंधरा वर्षं भांडता येईल. तोवर आपली पोरं एकमेकांना रस्त्यात ओळखणार नाहीत.

तू पंच बोलावलेस. मी आले. मोठ्या माणसांचा मान ठेवायचा म्हणून आले. त्या पंचांनी आपल्या गावातली किती भांडणं मिटवली, मी लहानपणापासून पाहिलं आहे. बैल शेतात घुसल्याचं भांडण, पळून गेलेल्या पोरापोरीचं भांडण, दहेजाचं. कोर्टाची पायरी न चढता, एका रात्रीत. ते काही टाकून द्यायचं नाही. 1996 च्या पेसा कायद्याने तर परंपरेने तंटा सोडवायचा अधिकार ग्रामसभेकडेच ठेवला आहे, आणि आपला अख्खा नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पण त्या दिवशी मला कुठे बसवलं होतं, तू पाहिलंस ना? तुम्ही सगळे ओट्यावर, मी खाली, बायकांत. माझ्याबद्दल दोन तास बोलणं झालं. मला कोणी विचारलं नाही. तूही नाही. आणि शेवटी एक जण म्हणाला, बहीण ऐकत नसेल तर समाज बघून घेईल. हे ऐकून तू मान खाली घातलीस. ती खाली घातलेली मान मी धरून बसले आहे, दादा. तुला ते पटलं नव्हतं.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, शाळेत आम्ही मुलांना शिकवतो. तो मी आपल्याच म्हाताऱ्या माणसांवर उगारणार नाही. पण धाकाखाली मिटलेलं भांडण मिटलेलं नसतं, हे बाबांनीच आपल्याला दाखवलं.

बाबा तंटामुक्त समितीत होते तेव्हाचं सांगते. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि आपल्या गावाच्या तोंडाशी पाटी लागली. बाबांना किती अभिमान होता! धुतलेला सदरा घालून बैठकीला जायचे. काही गावांनी बक्षिसाच्या घाईत कागदावर तंटे मिटवले, हे बाबांना आवडत नव्हतं. एकदा बांधाच्या भांडणात दोघांनी अंगठे उठवले आणि समितीने प्रकरण मिटलं म्हणून लिहिलं. बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच त्या दोघांच्या शेतावर गेले. एकाशी सकाळी बोलले, दुसऱ्याशी संध्याकाळी. असे कितीतरी दिवस जात राहिले. तू त्यांच्याबरोबर कंदील घेऊन जायचास. काय बोलायचे रे ते? मला तू कधी सांगितलं नाहीस. एवढंच म्हणायचास, बाबा काहीच बोलत नाहीत, ऐकतात.

मागच्या पावसाळ्यात कोर्टातर्फे शाळेत कायद्याचं शिबिर झालं. 2025 च्या जुलैपासून तीन महिने देशभरच्या कोर्टांत मध्यस्थीची मोहीम चालली, त्यातलंच ते. तिथे बोलायला आलेल्या बाई मध्यस्थाचं काम सांगत होत्या आणि मला सारखे बाबा दिसत होते. मध्यस्थ निकाल देत नाही. कोण खरं, कोण खोटं, हे ठरवत नाही. दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाला वेगळं भेटतो. वेगळ्या भेटीत तू जे सांगशील ते तू हो म्हटल्याशिवाय मला कळणार नाही. आत बोललेलं काहीच पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. आणि हे काम कोणीही उठून करत नाही. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये मध्यस्थीसाठी समिती नेमली, तिच्यामार्फत चाळीस तासांचं शिक्षण घेतलेले लोक मध्यस्थ म्हणून बसतात.

मी उठून विचारलं, जबरदस्ती झाली तर? त्या म्हणाल्या, कोणत्याही क्षणी उठून जाता येतं. सही केली नाही तर काहीच बांधलं जात नाही. मला तेवढं ऐकायचं होतं. पंचांसमोरून मला उठता आलं नव्हतं.

मग मी घरी येऊन वाचत बसले. 2023 मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच केला आहे. त्यात मध्यस्थीला 120 दिवसांची मुदत आहे, दोघांची हरकत नसेल तर आणखी 60. मिटलेल्या करारावर सह्या झाल्या की त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं बळ. फसवणूक झाली असेल तरच, किंवा अशाच एखाद्या मोठ्या कारणाने, 90 दिवसांत त्याला आव्हान देता येतं. गावातल्या शांततेला धक्का लावणाऱ्या तंट्यांसाठी समुदाय मध्यस्थीही त्यात आहे: तीन जणांचं मंडळ, गावात मान असलेली माणसं, आणि त्यात बायकांना घेण्याचा विचार व्हावा असंही लिहिलं आहे. हे वाचून मी थांबले. ओट्यावर एक बाई बसलेली मी डोळ्यांपुढे आणली. पण तिथला समझोता हुकूमनामा म्हणून बजावता येत नाही, तो शब्दावरच चालतो. शिवाय हा कायदा एकदम सगळा लागू झालेला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पहिल्या खेपेला जी कलमं लागू झाली त्यांत समुदाय मध्यस्थी नव्हती. म्हणून आपल्यासाठी जुनीच वाट सरळ आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दोघांनी मिळून अर्ज करायचा, दावा न लावताच. जमलं तर लोकअदालतीत ते नोंदवून घ्यायचं. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. खर्चाचं मनात आणू नकोस. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला विधी सेवा मोफत आहे, उत्पन्न न बघता.

तुझ्या मनातली भीती मला माहीत आहे. समझोता म्हणून सह्या घेतील आणि जमीन बाहेरच्याच्या घशात जाईल. आपल्या आजोबांच्या पिढीने हे भोगलं आहे, तुझी भीती खोटी नाही. पण आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर महसूल संहितेच्या 36 अ कलमाखाली कलेक्टरची परवानगी लागतेच. मध्यस्थाच्या कागदाने ते कलम ओलांडता येत नाही. आणि जमीन विकायला कोण म्हणतंय रे?

सगळंच मध्यस्थीने मिटवावं असंही मी म्हणत नाही. बाईला डाकीण ठरवून मारतात आणि मग दंड घेऊन "समेट" करतात, असं आपल्या जिल्ह्यात झालेलं तू आणि मी दोघांनी ऐकलं आहे. तो गुन्हा आहे, तिथे पोलीसच हवेत. आपलं तसं नाही. आपल्यात कोणी गुन्हेगार नाही. एका आईची तीन लेकरं आहेत आणि एक गोष्ट आई-बाबांनी बोलायची ठेवली.

बाबांवर मला याचा राग आहे, लिहूनच टाकते. सगळ्या गावाचे बांध त्यांनी मिटवले आणि आपल्या तिघांना एकदाही समोर बसवलं नाही.

लहान्याशी मी बोलले. तो सुरतहून येईल म्हणतो. मिलमधून सुट्टी नाही मिळाली तर मोबाइलवरूनही बसता येतं का, ते समितीत विचारू. त्याला शेवटचं सोडायला आपण नवापूर स्टेशनवर गेलो होतो. तो बाकड्याच्या गुजरातकडच्या टोकाला बसला होता, तू महाराष्ट्राकडच्या, आणि गाडी येईपर्यंत तुम्ही दोघे माझ्या डोक्यावरून तुरीच्या भावाबद्दल बोलत होतात. मला तेव्हा काही मागायचं नव्हतं. आताही तुला वाटतं तेवढं मागायचं नाही. किती, ते इथे लिहिणार नाही. ते तुझ्यासमोर सांगायचं आहे, आणि तू काय म्हणतोस ते ऐकायचं आहे. कदाचित पैसा नकोच म्हणेन, सातबाऱ्यावर नाव हवं म्हणेन. कदाचित तू मला असं काही सांगशील जे मला माहीतच नाही. आईच्या आजारपणात किती कर्ज झालं, हे तू मला कधी नीट सांगितलंस?

हे पत्र छापायला दिलं म्हणून रागावशील. गावाचं नाव मी कुठे लिहिलेलं नाही. आत बसल्यावर आपण जे बोलू त्यातला एक शब्दही माझ्याकडून कुठे छापला जाणार नाही. हे फक्त बोलावणं आहे, आणि तुझ्या टेबलावर पडलेलं माझं मागचं पत्र तू उघडलं नाहीस असं वहिनी म्हणाली, म्हणून दुसऱ्या वाटेने धाडलं. शिवाय माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत आपल्याकडे. महामार्ग त्यांच्याही शेतातून गेला आहे. त्या गप्प बसल्या आहेत कारण त्यांना वाटतं की भाऊ आणि कोर्ट यांच्यामध्ये दुसरं काहीच नसतं.

मध्यस्थ आपली बोली जाणणारा असावा, एवढी विनंती मी अर्जात करणार आहे. तुझ्या मनातलं मराठीत नीट निघत नाही, तू गप्प होतोस आणि लोकांना वाटतं तू अडून बसलास. वहिनीलाही घेऊन ये. तिने आईचं सगळं केलं, तिलाही बोलायचं असेल.

नवापूरला कोर्टात समितीच्या कार्यालयात अर्ज मिळतो. माझी सही करून मी तो वहिनीकडे पाठवते आहे, तुझ्या सहीची जागा मोकळी आहे. पटलं नाही तर सही करू नकोस, पण मला तसं तोंडाने सांग. आणि येणार असशील तर चालू सातबारा, आठ अ आणि महामार्गाची ती नोटीस घेऊन ये. बाबांच्या मृत्यूचा दाखला आणि जुन्या फेरफाराची नक्कल माझ्याकडे आहे. सोमवारी बाजार असेल तर मंगळवार बघ.

तुझी,
ताई नव्हे, तुझी धाकटीच