हौदाची मोटर

कळंब तालुक्यातल्या घरी आलोय. रात्री जेवणं उरकल्यावर आई मोबाईल घेऊन पुढ्यात बसली. "ह्यातलं मला काय बी कळंना रे. मोटर कुठली, लाईट कुठला?" पडद्यावर मीच तशीच सोडलेली नावं होती: स्विच एक, स्विच दोन.

हे होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं मोबाईलवरून चालवायचं सॉफ्टवेअर, 2013 मध्ये पाउलस स्खाउट्सन यांनी सुरू केलं. फुकट, कोड सगळ्यांना खुला, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं आणि इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात काम करतं. आमच्यासाठी ते मोलाचं आहे. उन्हाळ्यात बोअर लवकर उपसतं. पाणी संपलं की मोटरचा करंट उतरतो, आणि तो उतरला की होम असिस्टंट मोटर आपोआप बंद करतं, ती जळत नाही. मोटर सुरू होतानाचा झटका छोटा रिले सोसत नाही, म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर बसवलाय.

पण फुकट म्हणजे सर्वांसाठी, हा माझा समज चुकीचा होता. मी परवा पुण्याला जाणार, वापरणार आई.

मग बसून नावं बदलली. बोअर, गोठा, अंगणातला दिवा. आलेख, आकडे सगळे काढले, तीन मोठी बटणं ठेवली. भिंतीवरचं बटणही चालू ठेवलं; लाईट आली की आईचा हात तिकडंच जातो आणि ते बरोबरच आहे. होम असिस्टंट बंद पडलं तर काय करायचं, ते मराठीत लिहून मीटरच्या पेटीत चिकटवलं.

आईनं 'बोअर' दाबलं. कॉन्टॅक्टर खट्ट वाजला. हौदात पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत ती उभीच होती.