हे ऐकून बघ

आवडतं गाणं दुसऱ्याला सुचवू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. "काय ऐकू, सांगा ना" असं कोणी विचारलं तर मी म्हणायचे, "ऐकत राहा, आपलं आपल्याला सापडतं." आज मी बरोबर उलट वागते. न विचारता सांगते, आणि समोरच्याकडून मागूनही घेते. हा पालट कसा झाला, ते लिहायचं आहे.

ते मत उगाच बनलेलं नव्हतं. माझं ऐकणं कॅसेटच्या काळात घडलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, त्यामुळे रंगलेला ख्याल मध्येच तुटायचा. खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं कॉपीची कॉपी होऊन हाती यायची, गाण्याइतकीच खरखर घेऊन. ज्यांच्याकडे ती असत ते सहज देत नसत. पण मिळालं की आम्ही ते जीव ओतून ऐकायचो. त्या कष्टांनी कान तयार केला, असं मी मानत होते आणि अजूनही थोडं मानते.

दुसरं कारण संकोचाचं. आवडतं गाणं पुढे केलं की समोरच्यावर "वा, सुंदर!" म्हणायची जबाबदारी येते. शिवाय जाणकारांच्या बैठकींत सुचवण्याचं एक वेगळंच रूप पाहिलं होतं. अनवट रागांची नावं एकमेकांवर फेकली जायची, आणि नवखा श्रोता कोपऱ्यात आणखी आक्रसून बसायचा. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं वाटे.

माझा आवडता दाखला होता भीमसेन जोशींचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी लहानपणी रेकॉर्डवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. कोणी सुचवलं होतं त्यांना? ज्याचं गाणं त्याला गाठतंच, असं मी म्हणायचे.

या मताला पहिला धक्का माझ्या भाच्याने दिला. तो इंजिनिअरिंगला, गिटार वाजवणारा. एकदा त्याने मला माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा १९५९ चा अल्बम ऐकायला दिला. जॅझशी माझी ओळख नव्हती, ओढही नव्हती. त्याने अल्बमची थोरवी सांगितली नाही, कलाकारांची यादी दिली नाही. एवढंच म्हणाला, "आत्या, पहिल्या तुकड्यात सुरुवातीला पियानो आणि बास जरा रेंगाळतात. मग बास काहीतरी बोलतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात. तेवढं उत्तर ऐक."

मी ते उत्तर ऐकायला बसले आणि सगळा अल्बम ऐकून उठले. 'सो व्हॉट' नावाच्या त्या तुकड्यात काफी थाटाचेच सूर आहेत. बराच वेळ तेच सूर राहतात, मग सगळा थाट अर्ध्या सुराने वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. एका स्वरसमूहात मुक्काम करून त्यातून काय काय निघतं हे बघत राहायचं, ही वृत्ती मला परकी नव्हती. त्या दारापाशी मी एकटी मात्र कधीच पोचले नसते. नंतर भाच्याने "आवडलं का?" असं विचारलंच नाही. विचारलं ते, "उत्तर ऐकू आलं का?"

त्यानंतर मी माझ्या आवडीच्या ध्वनिमुद्रणांचा मूळ पत्ता शोधू लागले. प्रत्येकामागे माणूस निघाला. मल्लिकार्जुन मन्सूर ऐक म्हणणाऱ्या एक शेजारीण काकू. किशोरीताईंच्या भूपाची एलपी लावताना "यात गंधारावर लक्ष ठेव" म्हणणारे माझे वडील. मी शोधलं असं जे मला वाटत होतं, ते बहुतेक कोणीतरी दिलेलं होतं. भीमसेनजींच्या गोष्टीतसुद्धा ती रेकॉर्ड कोणीतरी लावली होती, म्हणून त्यांच्या कानावर पडली.

केसरबाई केरकरांचं उदाहरण तर याहून मोठं. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेला ध्वनिमुद्रण फारसं रुचत नसे. तरीही त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. रेकॉर्ड दुर्मिळ होती, पण तो आग्रही राहिला, आणि अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात ती सापडली. एका श्रोत्याने जीव लावून "हे घ्या" म्हटलं, म्हणून आज ती भैरवी सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहे.

काळही पालटला. कधी काळी ध्वनिमुद्रणच दुर्मिळ होतं. आता फोनवर सगळं आहे आणि त्यामुळेच नवा माणूस पहिल्या पायरीवर गोंधळतो. यंत्रही सुचवतं, पण आपण काल जे ऐकलं त्याच्याच आसपासचं. भाच्याला माझ्या आवडीचा इतिहास पाहून जॅझ सुचलं नसतं. त्याला मी माहीत होते, म्हणून सुचलं. आज वाण आहे ती अशा माणसाची.

म्हणून मी आता सुचवते, पण काही पथ्यं पाळून. "ऐकायलाच हव्यात अशा दहा रेकॉर्ड" अशी यादी देत नाही. एका वेळी एकच द्यायचं. ते थोर का आहे हे सांगायचं नाही. कान कुठे ठेवायचा तेवढं सांगायचं. पुन्हा भेटल्यावर दाद मागायची नाही. नाही आवडलं तर नाही. आणि त्याने दिलेलं आपणही तितक्याच मनापासून ऐकायचं. या शेवटच्या पथ्याने मला सर्वांत जास्त दिलं आहे. सुचवणं म्हणजे शिकवणं, हा माझ्या डोक्यातला जुना समज त्यानेच घालवला.

तेव्हा तुम्हालाही एक सुचवते. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा. जुन्या एलपीच्या एका बाजूवर मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूवर दरबारी. संध्याकाळी, हातातलं काम ठेवून मारव्याची बाजू लावा. या रागात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. राग समजला नाही तरी चालेल. खाँसाहेब ऋषभ आणि धैवतावर रेंगाळत षड्जावर येणं किती लांबवतात आणि तो आला की आपल्याला काय होतं, एवढंच बघा. आणि मग तुमच्या आवडीचं एखादं मला सांगा, कान कुठे ठेवू तेही सांगा.