उत्तर बरोबर, हाती आलेला आकडा चूक

लायगो-इंडियाची बातमी आली की चर्चा रंगते ती हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुमारे २,६०० कोटी रुपयांची. पुणे, इंदूर, गांधीनगर येथील संस्था हे शिवधनुष्य उचलत आहेत, याचा अभिमान मलाही आहे. पण भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करूनही माझे कितीतरी दिवस आरसे-लेसरांपासून दूर, एका लहानशा प्रश्नापाशी गेले आहेत : सी भाषेतल्या फंक्शनने काढलेले उत्तर पायथनच्या हाती जसेच्या तसे पोहोचते कसे?

गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणात सर्रास वापरला जाणारा ‘लालसूट’ हा संग्रह मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. आपण त्याला हाक मारतो ती बहुधा पायथनमधून. असंख्य तरंगरूपे काढायची तर कंपाइल केलेल्या कोडचा वेग हवा आणि नवी कल्पना तपासायची तर पायथनची मोकळीक हवी.

दोन कृष्णविवरांच्या मीलनाचे तरंगरूप देणारे त्यातले फंक्शन पाहा. सीमध्ये ते परत करते केवळ एक पूर्णांक, काम तडीस गेले की नाही एवढेच सांगणारा. खरे उत्तर, म्हणजे लहरीची ‘प्लस’ आणि ‘क्रॉस’ ही दोन ध्रुवीकरणे, आपण दिलेल्या पॉइंटरांमार्फत मिळते. ‘स्विग’ नावाचा दुभाषी मध्ये उभा राहून हा व्यवहार उलगडतो. पायथनला दोन्ही ध्रुवीकरणे थेट मिळतात आणि अपयशाचा आकडा ‘एक्सेप्शन’ होऊन समोर ठाकतो. ज्या खुणेकडे काणाडोळा करता आला असता, ती आता वाट अडवते.

दुभाषी नसेल तर? पायथनच्या ‘सीटाइप्स’मधून सीच्या गणिती लायब्ररीला २ चे वर्गमूळ विचारा. परतीचा प्रकार सांगितला नाही, तर उत्तर पूर्णांक आहे असे ‘सीटाइप्स’ गृहीत धरते. इंटेल धाटणीच्या ६४-बिट लिनक्स संगणकावर दशांश उत्तर एका रजिस्टरात ठेवले जाते, पूर्णांक दुसऱ्याच. वर्गमूळ अचूक निघालेले असते. आपण भलत्याच कप्प्यात हात घालतो. हाती आलेला आकडा निरर्थक असतो आणि तक्रार कोणीच करत नाही. ‘रेसटाइप’ची एक ओळ हा घोटाळा टाळते.

फंक्शन जे पडद्यावर छापते, त्याचीही व्यवस्था लावावी लागते. सी आणि पायथन यांचे छपाईचे बफर वेगळे असल्याने एकाच फाइलीत दोघांच्या ओळींचा क्रम उलटसुलट होऊ शकतो. आयपायथनमध्ये लालसूट सीचे बोलणे आपल्याकडे वळवून देते. त्याने वेग घटू शकतो, असा इशाराही देते. तो इशारा वाचून वळवणे बंद करावे, पण जाणीवपूर्वक. कारण बिघाडाचे कारण अनेकदा त्याच ओळींत असते.

पृथ्वीवर पोहोचणारी लहर लांबीत सुमारे १०⁻²¹ इतकाच सापेक्ष बदल घडवते. एवढ्या कष्टाने टिपलेला संकेत शेवटच्या पायरीवर भलत्या कप्प्यात हरवू नये, ही जबाबदारी विद्यार्थीमित्रांनो, उद्या तुमच्यावर येणार आहे. म्हणून परक्या भाषेतल्या फंक्शनला पहिला प्रश्न असा विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे.