झीलकऱ्यांच्या मुलखात

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागावे, कात्रजचा घाट मागे टाकावा आणि नसरापूरचा फाटा आला की उजवीकडे वळावे. बनेश्वराच्या झाडीला नमस्कार करून हा रस्ता वेल्ह्याकडे निघतो. हमरस्त्यानेच थोडे पुढे जाऊन कापूरहोळला वळाल, तर पंत सचिवांचे भोर गाठाल. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्यास मान्यता दिली. पण जुन्या जिभांना वळण पडले आहे ते वेल्ह्याचेच.

या मुलखात प्रवासी येतो तो गड पाहायला. एकीकडे तोरणा, समोर तीन माच्यांचा राजगड, भोरच्या अंगाला रोहिडा आणि रायरेश्वर. पण वाचकहो, गडावरून उतरल्यावर पायथ्याच्या एखाद्या गावी उत्सवाची रात्र लाभली, तर मुक्काम जरूर लांबवा. तिथे पोवाडा किंवा गोंधळ ऐकायला मिळाला, तर मात्र एक करा. शाहिराकडे सगळेच पाहतात. तुम्ही त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघातिघांकडे पाहा.

हे झीलकरी. एकाच्या हाती तुणतुणे, दुसऱ्याच्या हाती झांज. शाहिराने चौक रंगवीत न्यावा आणि शेवटचे शब्द यांनी अलगद उचलून ‘जी जी रं जी’ म्हणत उंच फेकावेत. ऐकणाऱ्याला वाटते, ही नुसती साथ. खरे पाहता सारी मदार यांच्यावर असते. ते झील धरतात तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो आणि पुढची ओळ आठवते. त्याचा सूर ढळू लागला, तर तुणतुण्याची एकच तार त्याला जागेवर आणते. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत कथा पोचायची, तीही या पुन्हा उचललेल्या ओळींमुळे. आणि हवा दमट असली की डफाचे कातडे सैल पडते. मग कार्यक्रमाआधी तो जाळावर शेकून घ्यावा लागतो. मावळच्या पावसात असला उद्योग किती वेळा करावा लागत असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा!

आता या साथीदारांच्या नशिबाकडे पाहू. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला, तानाजीचा तुळशीदासाने. अज्ञानदासाला बक्षिसात घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाल्याचे पोवाडाच सांगतो. १८९१ मध्ये ॲक्वर्थ साहेब आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून छापले, म्हणून ही नावे आपल्या हाती आली. शाहीर शेवटच्या चौकात आपले नाव गुंफून ठेवतो. झीलकऱ्याला अशी जागाच नाही. अज्ञानदासाच्या मागे तुणतुणे कोणी धरले होते, हे कुणीही लिहून ठेवलेले नाही.

सातासमुद्रापलीकडे याच जातीच्या मंडळींची गोष्ट वेगळी घडली. क्लिफ रिचर्ड हा इंग्लंडचा लाडका गायक. त्याचा जन्म १९४० चा आणि आपल्या लखनौचा! त्याच्या मागे गिटारी आणि ड्रम वाजवणाऱ्या पोरांच्या चमूचे नाव आधी ‘ड्रिफ्टर्स’ होते. त्याच नावाचा संच अमेरिकेत असल्याने १९५९ मध्ये ते बदलावे लागले आणि त्यांनी नवे नाव घेतले ‘शॅडोज’, म्हणजे सावल्या. साथीदारांनी स्वतःला सावल्या म्हणवून घ्यावे, यात नम्रता किती आणि मिस्किलपणा किती, कोण जाणे! पण १९६० मध्ये या सावल्यांची ‘अपाचे’ ही नुसत्या वाद्यांची तबकडी निघाली आणि तिने विक्रीच्या यादीतला पहिला क्रमांक पटकावला. तिथून तिने खाली ढकलले ते क्लिफच्याच गाण्याला. तरीही दोघांची सोबत तुटली नाही. १९६८ च्या अखेरीस तो संच फुटेपर्यंत ती टिकली. सावलीला नाव मिळाले म्हणून गायक काही लहान झाला नाही.

आपल्या झीलकऱ्याला ते का साधले नाही? तिथे तबकडी होती, तबकडीवर छापलेले नाव होते. इथे सारा कारभार तोंडी, आणि तोंडी कारभारात आठवतो तो पुढचा माणूस.

भोरहून रोहिड्याकडे जाताना हेच पुन्हा मनात येते. हे हिरडस मावळ, बांदलांचे वतन. १६६० मध्ये घोडखिंड लढवली ती बाजीप्रभूंनी आणि त्यांच्या पाठीशी राहिलेल्या बांदलांच्या मावळ्यांनी. बाजीप्रभू शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत, आणि ते योग्यच आहे. पण खिंडीत त्यांच्याबरोबर पडलेल्या मावळ्यांपैकी किती नावे आपल्याला सांगता येतील? त्या मावळ्यांनीही झीलच धरली होती. फरक इतकाच, की तिची किंमत त्यांनी जिवाने मोजली.

गेलेल्यांची नावे आता मिळायची नाहीत. पण आज उभे आहेत त्यांची मिळतील. या बाजूला आलात आणि पोवाडा ऐकलात, तर शाहिराला शाबासकी देऊन झाल्यावर दोन पावले पुढे जा आणि तुणतुणेवाल्याला विचारा, “दादा, आपलं नाव काय? गाव कुठलं?” ते वहीत टिपून ठेवा. तोरण्याच्या फोटोशेजारी ती ओळ शोभून दिसेल.